नवा मुनीम, जुनी वही

(बी. कॉम. तृतीय वर्ष)

‘संगणक कोणाकोणाला येतो?’ असे वर्गात विचारले की आमचे सगळ्यांचे हात वर जातात. माझाही जात असे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र माझ्या ध्यानात आले की मला संगणक येत नव्हता. एका विशिष्ट संगणकावर कोणती वस्तू कोठे ठेवली आहे, एवढेच मला पाठ होते. वस्तूंच्या जागा बदलल्या आणि मी पुन्हा बालवर्गात जाऊन बसले. या बालवर्गात मी काय शिकले, कोठे चुकले आणि त्या चुकीची किंमत काय पडली, ते क्रमाने सांगण्यासाठी हा लेख आहे. अशी पाळी पुढेमागे आपल्यापैकी अनेकांच्या घरी येणार आहे, म्हणून हा खटाटोप.

माझे गाव तिगाव. मध्य प्रदेशात, नागपूर-इटारसी लोहमार्गावर पांढुर्ण्याच्या शेजारचे हे लहानसे स्टेशन. येथूनच चिचोंड्याचा घाट सुरू होतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आमचा भाग मध्य प्रदेशात राहिला. आधी आमचा जिल्हा छिंदवाडा होता. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. घरात मराठी, कचेरीत हिंदी, आणि शाळा मराठी माध्यमाची, अशी आमची रीत. बारावीनंतर मी बेळगावला मामांकडे शिकायला आले आणि पहिल्या वर्षी बसची कन्नड पाटी वाचता येईना म्हणून दोनदा भलत्याच गावाच्या बसमध्ये चढले. ही गोष्ट येथे उगीच सांगत नाही. तिचा संबंध पुढे येणार आहे.

तिगावात माझ्या वडिलांचे कृषी केंद्र आहे. बियाणे, खते, औषधे असा माल. कपाशी आणि संत्र्याचा मुलूख असल्यामुळे जूनमध्ये माल उधारीवर जातो आणि कापूस किंवा संत्रा विकल्यावर पैसे येतात. ही उधारी २०१६ साली घेतलेल्या एका संगणकात लिहिलेली असते. ती बाबा स्वतः टाइप करतात. तरुणपणी त्यांनी टाइपरायटरच्या क्लासात रेमिंग्टनच्या यंत्रावर हिंदी टंकलेखन शिकून घेतले होते. पुढे संगणक आला तेव्हा ‘कृतिदेव’ नावाच्या फाँटवर त्यांची तीच बोटे तशीच चालली. कळफलकाकडे न पाहता बाबा गिऱ्हाइकाशी बोलत बोलत नाव टाइप करतात, ही आमच्या गावात कौतुकाची गोष्ट आहे.

संगणकात विंडोज १० होते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याची देखभाल थांबवली. देखभाल थांबली म्हणजे दुसऱ्या दिवशी यंत्र बंद पडले असे नव्हे. एवढेच की कुलपात एखादी फट सापडली तर ती बुजवायला कोणी येणार नाही. घरगुती वापरासाठी कंपनीने ऑक्टोबर २०२६ पर्यंत वर्षभराची जादा सोय दिली. पण ती तात्पुरतीच. विंडोज ११ घालावे तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आमच्या यंत्रात दोन्ही नाहीत. दुरुस्तीवाल्याने नवे यंत्र घ्यायचा सल्ला दिला. बाबा म्हणाले, “खरिपाची उधारी अजून आली नाही बाई, नवी मशीन कायच्यानं घ्यायची?”

मी कॉमर्सची विद्यार्थिनी. चालू स्थितीतली मालमत्ता केवळ तिचा मुनीम निवृत्त झाला म्हणून भंगारात काढायची, हे मला पटेना. म्हणून आम्ही त्या संगणकावर लिनक्स घालायचे ठरवले.

मुनीम म्हणजे काय

संगणकाचे यंत्र हे दुकान समजा. फायली म्हणजे माल आणि वह्या. या दोहोंच्या मध्ये बसून ‘ही वस्तू तेथे ठेव, ते पत्र छाप, याला आत येऊ दे, त्याला नको’ अशी व्यवस्था पाहणारा जो मुनीम, त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज हा एक मुनीम, लिनक्स हा दुसरा. मुनीम बदलला म्हणून दुकान बदलत नाही, वह्याही बदलत नाहीत. मात्र नव्या मुनीमाची वस्तू ठेवण्याची पद्धत निराळी असते आणि पहिले काही दिवस मालकालाच आपल्या दुकानात वस्तू सापडत नाहीत.

लिनक्सचा गाभा हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतला. त्याआधी १९८३ पासून अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या नावाने कोणालाही वापरता, तपासता आणि वाटता येईल अशा प्रणालीचे काम सुरू केले होते. हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. त्यातून वेगवेगळ्या संस्थांनी आपापले तयार संच केले: उबुंटू, डेबियन, मिंट इत्यादी. आपल्याकडे सी-डॅकने २००७ साली ‘बॉस’ नावाचा संच काढला. केरळच्या सरकारी शाळांत तर मुले संगणकाचे पहिले धडेच लिनक्सवर घेतात. आणि आपल्या हातातील अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच गाभा असतो. म्हणजे ज्याला आपण परका समजतो, तो मुनीम आपल्या खिशात कित्येक वर्षे मुकाट्याने काम करीत आहे.

आम्ही ‘लिनक्स मिंट’ निवडले. त्याचा पडदा विंडोजसारखा दिसतो, चार जीबी मेमरीवर ते चालते, आणि त्याच्या २२ व्या मालिकेची देखभाल २०२९ पर्यंत होणार आहे.

आधी चाचणी, मग बदली

लिनक्सची एक सोय नवख्याने अवश्य जाणून घ्यावी. ते संगणकात न घालता पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. मिंटच्या संकेतस्थळावरून त्याची प्रतिमा-फाईल उतरवायची आणि ती पेनड्राइव्हवर नुसती कॉपी न करता त्यासाठी असलेल्या खास प्रोग्रॅमने लिहायची. संगणक सुरू होताना योग्य ती कळ दाबून ‘पेनड्राइव्हवरून सुरू हो’ असे सांगायचे. मग जुन्या डिस्कला धक्का न लागता नवा मुनीम समोर येतो. या अवस्थेत चार गोष्टी तपासाव्यात: इंटरनेट लागते का, आवाज येतो का, प्रिंटर कागद छापतो का, आणि ज्या प्रोग्रॅमवाचून आपले काम अडते तो येथे मिळतो का.

चौथा प्रश्न आपणा कॉमर्सवाल्यांना फार महत्त्वाचा. टॅली हा प्रोग्रॅम विंडोजसाठी आहे. ज्याचा सारा हिशेब टॅलीत आहे त्याने घाईने मुनीम बदलू नये. आमच्या दुकानात टॅली नव्हती. जीएसटीचे काम सल्लागार पाहतात, आणि उधारी एक्सेलच्या तक्त्यात असे. तो तक्ता लिनक्समधील ‘लिब्रे ऑफिस’मध्ये उघडतो. बेरजेचे सूत्र तेच, रकाने तेच. फक्त एक काळजी घ्यावी. लिब्रे ऑफिस स्वतःच्या पद्धतीने फाईल जतन करू पाहते; ती सल्लागाराकडे पाठवायची असेल तर जतन करताना एक्सेलचा प्रकार निवडावा.

माझी चूक

आता ती गोष्ट सांगते, जी सांगायला अजून लाज वाटते.

मुनीम बदलण्यापूर्वी साऱ्या फायलींची प्रत बाहेर काढून ठेवावी, हा पहिला धडा. तो मला ठाऊक होता आणि मी तो पाळलाही, असे मला वाटत होते. ‘डी’ ड्राइव्ह सगळा उचलून पेनड्राइव्हवर ठेवला. डेस्कटॉपवर ‘उधारी’ नावाचे चित्र होते, तेही उचलले. मग ‘सर्व डिस्क पुसून मिंट घाला’ हा पर्याय निवडला. वीस-पंचवीस मिनिटांत काम झाले. नवा हिरवा पडदा पाहून घरातले सगळे खूश झाले.

संध्याकाळी एक शेतकरी पैसे द्यायला आले. मी ‘उधारी’वर दोनदा टिचकी मारली. उघडेना. आकार पाहिला तर दोन केबीसुद्धा नाही! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. डेस्कटॉपवरचे ते चित्र म्हणजे फाईल नव्हतीच. तो शॉर्टकट होता. शॉर्टकट म्हणजे ‘वही आतल्या खोलीत आहे’ एवढे लिहिलेली चिठ्ठी. मी चिठ्ठी जपून आणली आणि वहीसकट आतली खोली पुसून टाकली. फाईल ‘सी’ ड्राइव्हमधल्या डॉक्युमेंट्समध्ये होती.

शॉर्टकटच्या चित्राच्या कोपऱ्यात एक लहानसा वाकडा बाण असतो. तो बाण मी पाच वर्षे रोज पाहिला होता. तो कशासाठी असतो, हे एकदाही विचारले नव्हते.

मी रडू लागले. लक्ष्मीपूजन तोंडावर आले होते. बाबांनी गल्ल्याखालून लाल कापडाची वही काढली. संगणक आल्यावरही त्यांनी ती लिहिणे सोडले नव्हते. आम्ही भावंडे त्याबद्दल त्यांची थट्टा करीत असू. “लाइट गेली त लोकायले काय दाखवू?” असे ते म्हणत. त्या संध्याकाळी ते एवढेच म्हणाले, “वही हाये ना. कायले रडून राह्यली?”

‘डी’ ड्राइव्हमध्ये मार्चअखेरीची एक जुनी प्रत सापडली. तिच्यात १३७ खाती होती. एप्रिलपासूनच्या नोंदी, म्हणजे सबंध खरीप, वहीतून पुन्हा लिहायच्या होत्या. हे काम मी अंगावर घेतले. पुढे जे काही मला आले ते या शिक्षेमुळेच.

नव्या घराची मांडणी

विंडोजमध्ये सी, डी अशी अक्षरे असतात. ती ‘ए’पासून का सुरू होत नाहीत? तर ए आणि बी ही अक्षरे पूर्वी फ्लॉपीसाठी राखून ठेवलेली होती. आमच्या पिढीने फ्लॉपी पाहिली नाही, पण तिची रिकामी जागा रोज पाहतो. लिनक्समध्ये ही अक्षरे नाहीत. तेथे सारा एकच वाडा असतो. त्याच्या दरवाजाला ‘मूळ’ म्हणतात आणि एका तिरक्या रेघेने ते दाखवतात. त्या दरवाजातून आत ‘होम’ नावाचा सोपा, आणि त्यात प्रत्येकाची आपली खोली. आपल्या सगळ्या फायली त्या खोलीत. पेनड्राइव्ह लावला तरी तो वेगळे घर होत नाही. त्याच वाड्यात ‘मीडिया’ नावाच्या दालनात पाहुणा म्हणून उतरतो.

दुसरी गोष्ट नावांची. इंग्रजीत मोठी आणि लहान अशी दोन प्रकारची अक्षरे असतात. विंडोज फायलीच्या नावात त्यांचा भेद मानत नाही, लिनक्स मानते. त्यामुळे मोठ्या अक्षराने सुरू होणारी ‘उधारी’ आणि लहान अक्षराने सुरू होणारी ‘उधारी’ या दोन वेगळ्या फायली ठरतात. एके दिवशी मी अर्ध्या नोंदी एकीत आणि अर्ध्या दुसरीत केल्या. आपल्या लिपीत ही भानगडच नसल्यामुळे फायलींची नावे देवनागरीत द्यावीत, असे मला तेव्हापासून वाटते. लिनक्सला ती चालतात.

तिसरी गोष्ट नवे प्रोग्रॅम घालण्याची. विंडोजची सवय अशी की इंटरनेटवर कोठेतरी जायचे आणि दिसेल ती फाईल उतरवून चालवायची. येथे ती फाईल चालतच नाही. मिंटमध्ये ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’ आहे. त्यात नाव शोधून तेथूनच घ्यायचे. बाबांना हे मी त्यांच्याच धंद्याच्या भाषेत सांगितले. सुटे बियाणे कोणाचेही असू शकते, सीलबंद पिशवीवर कोणी तपासले ते छापलेले असते. सॉफ्टवेअर मॅनेजर म्हणजे सीलबंद पिशव्यांचे गोदाम. नवी वस्तू आत घेताना तो परवलीचा शब्द विचारतो, तोही याचसाठी. गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाकडे गोदामाची किल्ली नसते.

चौथी गोष्ट म्हणजे तो काळा पडदा, ज्याला टर्मिनल म्हणतात. लिनक्स म्हणजे काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करीत बसणे, असा समज आहे. दुकानाचे रोजचे काम त्याच्यावाचून होते. तरी चार आज्ञा शिकून ठेवाव्यात. ‘पीडब्ल्यूडी’ लिहिले की आपण कोणत्या खोलीत आहोत ते कळते. ‘एलएस’ने खोलीतल्या वस्तूंची यादी मिळते. ‘सीडी’ने खोली बदलते. ‘सीपी’ने प्रत निघते. पाचवी ‘आरएम’ ही पुसण्याची आज्ञा आहे; तिने पुसलेली वस्तू कचऱ्याच्या टोपलीत जात नाही, कायमची जाते. ती मी अद्याप वापरलेली नाही. आणखी एक ठोकर येथे प्रत्येकाला लागते. कंट्रोल आणि ‘सी’ या कळांनी इतरत्र प्रत निघते, काळ्या पडद्यावर मात्र चालू असलेले काम थांबते. तेथे प्रतीसाठी शिफ्टही सोबत दाबावी लागते.

कृतिदेवाचे कोडे

मार्चची जुनी प्रत उघडली तेव्हा आकडे बरोबर दिसले, पण नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ होती. बाबांना वाटले, हीसुद्धा गेली. ती गेलेली नव्हती.

कृतिदेवसारख्या जुन्या फाँटांची युक्ती अशी: संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवायचे आणि पडद्यावर त्यांच्या जागी देवनागरी आकार काढायचे. पोत्यात गहू आणि चिठ्ठीवर ज्वारी, असा प्रकार. फाँट असेल तोवर चिठ्ठी दिसते. नवा मुनीम आला, त्याच्याकडे तो फाँट नव्हता. त्याने पोत्यातला गहू दाखवला. सुदैवाने फाँटची फाईल ‘डी’ ड्राइव्हच्या प्रतीत होती. ती उघडून ‘इन्स्टॉल’ म्हणताच १३७ नावे परत आली.

पण हा तात्पुरता उपाय. कायमचा उपाय युनिकोड. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यात जगातल्या बहुतेक लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. आपल्या ‘क’चा क्रमांक २३२५. तो कोणत्याही फाँटमध्ये, कोणत्याही यंत्रावर ‘क’च राहतो. कृतिदेवातला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे परिवर्तक मिळतात. त्यांना फक्त देवनागरी नावांचे रकानेच द्यावेत. मी पहिल्यांदा सबंध तक्ता दिला, तेव्हा खतांची इंग्रजीत लिहिलेली नावेसुद्धा देवनागरी समजून बदलली गेली आणि त्यांचा चुरा झाला. रफार आणि जोडाक्षरेही डोळ्यांनी एकदा तपासावी लागतात.

बोटांचा प्रश्न

आता खरा पेच उभा राहिला. नावे युनिकोडमध्ये आली, मी ऐटीत खुर्ची बाबांना दिली. त्यांनी कळफलकावर हात ठेवले, सवयीने एक नाव टाइप केले, आणि पडद्यावर भलतेच काही उमटले. त्यांनी पुन्हा केले, पुन्हा तेच. मग ते कळफलकाकडे खाली पाहून एकेक कळ शोधू लागले. समोर गिऱ्हाईक उभे होते. ते नाव त्यांनी शेवटी वहीत लिहिले आणि उठून मालाच्या खोलीत गेले.

मला माझी पहिल्या वर्षाची बेळगावची बस आठवली. आपण शिकलेले आहोत हे आपल्याला माहीत असते, आणि समोरच्या पाटीपुढे त्याचा काहीच उपयोग नसतो.

त्या रात्री मी शोधत बसले आणि उत्तर सापडले. अक्षरांची साठवण वेगळी आणि कळांची मांडणी वेगळी, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. साठवण युनिकोडची ठेवून कळा मात्र जुन्या रेमिंग्टनच्या ठेवता येतात. लिनक्समध्ये ‘आयबस’ नावाची व्यवस्था आहे. तिच्यासाठी ‘एम१७एन’ हा जोडसंच सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घेतला की मांडण्यांच्या यादीत हिंदीखाली रेमिंग्टन मिळते. सकाळी बाबांना पुन्हा बसवले. पहिल्या नावाला ते दबकतच होते. तिसऱ्या-चौथ्या नावाला त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहत टाइप करू लागले. “हे तं माहीच मशीन हाय,” ते म्हणाले.

मी स्वतः मात्र इनस्क्रिप्ट ही मांडणी शिकायचे ठरवले. खरिपाच्या २१२ नोंदी पुढ्यात होत्याच. सरावाला याहून चांगले पुस्तक कोणते? इनस्क्रिप्टची मांडणी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये पुढे आणली, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोच्या ‘इस्की’ या मानकात ती आली. १९९१ हे साल आपण नव्या आर्थिक धोरणासाठी पाठ करतो. त्याच वर्षी लिनक्स, युनिकोड आणि हे मानक, अशी तिन्ही आली हे मला या निमित्ताने कळले.

इनस्क्रिप्टचे तत्त्व सोपे आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. ‘के’च्या कळीवर क, शिफ्ट धरून ख. ‘आय’वर ग, शिफ्ट धरून घ. ‘एल’वर त आणि थ. म्हणजे साधे व्यंजन आणि त्याचे महाप्राण एकाच कळीवर. काना ‘ई’वर. म्हणून के, ई, के, ई अशा चार कळांत ‘काका’ तयार. ‘डी’वर हलन्त, त्याने जोडाक्षर होते. आमच्या दुकानात दिवसातून दहादा लागणारा शब्द ‘शेतकऱ्यांचा’. त्यातला ‘ऱ्य’ जुन्या पद्धतीत त्रास देई. येथे शिफ्ट धरून ‘जे’ दाबले की ऱ येतो, मग हलन्त, मग य. पहिल्या दिवशी तासाला जेमतेम दहा नोंदी होत. तिसऱ्या दिवशी बोटे आपोआप जाऊ लागली, आणि वसुबारसेला मी शेवटची नोंद केली. वहीची बेरीज आणि तक्त्याची बेरीज यांत आठशे रुपयांचा फरक आला. तो शोधायला एक सबंध दुपार गेली. एका खात्यात जमा रक्कम मी नावे टाकली होती. मुनीम कोणताही असो, जमा आणि नावे उलटे केले तर ताळा जमत नाही.

कन्नड विभागातील मित्रांसाठी

सुट्टी संपवून परत आले आणि आमच्याच महाविद्यालयातील कन्नड विभागाच्या एका मैत्रिणीला हे सारे सांगितले. वाचनालयात तिच्या लॅपटॉपवर, तिने कन्नड इनस्क्रिप्ट लावून दिल्यावर, मी त्याच कळा दाबल्या. के, ई, के, ई. पडद्यावर कन्नड लिपीत ‘काका’! कन्नडचा कळफलक मी कधीही शिकले नव्हते. पण मराठीचा शिकताना तो आपोआप शिकून झाला होता, कारण इनस्क्रिप्टमध्ये सर्व भारतीय लिप्यांचे एकच अक्षर एकाच कळीवर ठेवलेले आहे.

ही एकी वरवरची नाही. युनिकोडमध्ये देवनागरीचा विभाग २३०४ पासून सुरू होतो आणि ‘क’ येतो २३२५ वर, म्हणजे २१ पुढे. कन्नडचा विभाग ३२०० पासून सुरू होतो आणि कन्नड ‘क’ येतो ३२२१ वर. तोही बरोबर २१ पुढे! ख, ग, घ यांचेही तसेच. इस्की मानकात सर्व लिप्यांसाठी वर्णमालेचा एकच क्रम धरला होता, तोच युनिकोडने पुढे चालवला. शाळेत पाठ केलेल्या वर्णमालेचा हा क्रम दोन्ही लिप्यांच्या पोटात बसलेला आहे.

फरकही आहेत आणि ते मानलेच पाहिजेत. मी मोठ्या आत्मविश्वासाने कन्नडमध्ये ‘बेळगावी’ लिहिले आणि मैत्रीण हसू लागली. कन्नडमध्ये ‘ए’ दोन आहेत, ऱ्हस्व आणि दीर्घ. मराठीच्या सवयीने मी ‘एस’ची कळ दाबली, तो दीर्घ, गावाच्या नावात ऱ्हस्व हवा, आणि तो ‘झेड’वर आहे. मी लिहिलेले तिने मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा आमच्याकडे वाचनालयातले सगळे पाहू लागले.

तिनेही मला एक गोष्ट दिली. लिनक्सच्या कळफलकांच्या यादीत मराठीखाली ‘कागप’ नावाची उच्चारानुसारी मांडणी दिसते. ‘के’ला क, ‘जी’ला ग अशी. हे ‘कागप’ काय असावे याचा मी पुष्कळ तर्क केला होता. ती म्हणाली, ‘कन्नड गणक परिषत्त’ची आद्याक्षरे! के. पी. राव यांनी कन्नडसाठी रचलेल्या मांडणीवरून आलेली, परिषदेच्या ‘नुडी’ या संचामुळे कर्नाटकात घरोघरी पोहोचलेली ही मांडणी लिनक्सवाल्यांनी मराठीलाही लावून दिली. ज्यांना इंग्रजी कळफलकाची सवय आहे आणि इनस्क्रिप्ट शिकायला सवड नाही, त्यांनी हिच्यापासून सुरुवात करावी.

शेवटी

लिनक्स सर्वांनी घ्यावे असे माझे म्हणणे नाही. टॅलीवाल्यांची अडचण वर सांगितलीच. एखाद्या कचेरीचा डिजिटल सहीचा खटका किंवा एखादा जुना प्रिंटर येथे रुसतो, हेही खरे. पण ज्यांच्या घरी चांगले चालणारे जुने यंत्र केवळ मुनीमावाचून पडून आहे, त्यांनी पेनड्राइव्हवरून एक दिवस पाहायला हरकत नाही. त्याआधी साऱ्या फायलींची प्रत काढावी, ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी, आणि कोपऱ्यातला वाकडा बाण विसरू नये.

लक्ष्मीपूजनाला बाबांनी नेहमीप्रमाणे लाल वही पाटावर ठेवली. मी तक्त्याची छापील प्रत शेजारी ठेवली. बाबांनी दोन्हींवर हळदकुंकू वाहिले. मात्र वही लिहिणे त्यांनी अजूनही सोडलेले नाही, आणि मी आता त्यांची थट्टा करीत नाही.